एकतीस पायऱ्या

पावलंमावशींना पडद्यावर कधी कुणी पाहिलेलं नाही. पण गेल्या सदतीस वर्षांत त्यांनी जितकी माणसं चालवली, तितकी एखाद्या सेनापतीनंही चालवली नसतील. राजे चालवले, चोर चालवले, भांडून माहेरी निघालेल्या बायका चालवल्या. एकदा एक म्हातारा घोडा चालवला, आणि तोही नारळाच्या करवंट्या न वापरता, कारण करवंट्या म्हणजे त्यांच्या मते शुद्ध आळस.

काम असं. शूटिंगच्या वेळी माइक नटाच्या तोंडापाशी असतो. पायांकडे बघायला कुणाला सवड नसते. शिवाय राजवाड्याची संगमरवरी फरशी म्हणजे रंग दिलेलं प्लायवूड. राजा त्यावरून चालला की खोक्यावर थाप मारल्यासारखा आवाज येतो. म्हणून चित्रपट कापून-जोडून झाला की तो मावशींच्या खोलीत येतो. समोरच्या भिंतीवर चित्र चालू होतं, आवाज बंद असतो, आणि मावशी पडद्यावरच्या पायांवर डोळे लावून त्यांच्या जोडीनं चालतात. माणूस वळला की वळतात, थबकला की थबकतात. कपड्यांची सळसळ, बशीवर टेकलेला कप, मोडलेलं हाड (त्याला ताजं गाजर लागतं) हेही त्यांच्याच हातचं. पण नाव झालं ते पावलांमुळे.

खोली स्टुडिओच्या दुसऱ्या मजल्यावर. भिंतींना जाड गाद्या, खिडकी नाही. जमिनीत आठ चौकोनी कप्पे खणलेले: दगड, सिमेंट, लाकूड, वाळू, खडी, पत्रा, माती आणि वाळका पाला. मागच्या फळीवर सेहेचाळीस जोड बूट-चपला, आणि प्रत्येकाला मावशींच्या ठसठशीत अक्षरातली चिठ्ठी. ‘श्रीमंत विधवा’. ‘कारकून, आळशी’. ‘पोलीस, प्रामाणिक’. त्याच्याच शेजारी ‘पोलीस, दुसरा’. चौथ्या भिंतीत मोठी काच, आणि काचेपलीकडे आवाज टिपून घेणारे गृहस्थ बसायचे. त्यांना सगळे काचवाले काका म्हणत. सव्वीस वर्षं दोघं एकमेकांकडे काचेतून बघत आली होती. मावशी म्हणायच्या, “नवऱ्याचं तोंड पाहिलं नसेल इतकं ह्यांचं पाहिलंय.” काका माइकमधून उत्तर द्यायचे, “आणि मी तुमचे पाय. तक्रार कुणी करायची ते ठरवा.”

मावशींचे यजमान बस चालवत. तीस वर्षं इंजिनाशेजारी बसून दोन्ही कानांनी त्यांना राजीनामा दिला होता. बायकोचा सगळा जन्म आवाजात गेला आणि त्यातलं एक अक्षर नवऱ्याला ऐकू येत नाही, यावर दोघंही मनापासून हसत. ते ओठ वाचून बोलणं समजून घेत; स्वतः बोलत ते मात्र गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल असं.

तर अशा ह्या मावशींच्या पुढ्यात नऊ वर्षांपूर्वी ‘वणवा’ आला.

गोष्ट साधीच. आगीच्या बंबावरचा एक कामगार, ज्याला आग जाळू शकत नाही. काळा सूट, पाठीवर तांबडा पट्टा, पायांत जाडजूड बूट. पोरंसोरं वेडी झाली. वणवा झालेला नट तेव्हा चौतिशीचा. चित्रपटाच्या धंद्यात धाकट्या-थोरल्या सगळ्यांचा दादा. मावशींनी पहिल्या दिवशी त्याचे पाय पडद्यावर पाहिले आणि काचवाल्यांना चित्र थांबवायला सांगितलं.

“हा लंगडतो.”

“कुठं? मला तर नाही दिसत.”

“तुम्हाला नाहीच दिसणार, तुम्ही तोंडं बघता. उजवा पाय टेकायच्या आधी केसभर घासतोय. मोडलेला असणार कधीतरी.”

त्यांनी पुरुषी नऊ नंबरचे बूट आणले. स्वतःचा पाय पाच नंबरचा, म्हणून आत जाड मोज्यांचे तीन जोड आणि टोकाला कापसाचा बोळा. तळाला कारखान्याच्या पट्ट्याचं रबर चिकटवलं. दोन दिवस नुसत्या चालत राहिल्या, तेव्हा कुठं ती चाल सापडली: टक... स्स-टक. टक... स्स-टक. डावा पाय ठाम, उजवा येताना जमिनीला हलकंसं विचारून येणारा. चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं, ‘वणवा. दुसऱ्या कुणासाठी काढू नयेत.’

चित्रपट लागायच्या आधी दादा स्वतः जिना चढून वर आला. दारात उभा राहून म्हणाला, “मावशी, माझे पाय तुमच्याकडे असतात असं कळलं.”

“असतात. पण तुझे आत्ताचे बूट बाहेर काढून ये. माती सगळी पाल्यात जाईल.”

तो मोज्यांवर आत आला, आठही कप्प्यांवरून चालून बघितलं, आणि मग पत्र्याच्या कप्प्यात मांडी घालून बसला. म्हणाला, “घोटा लहानपणी मोडला होता. ह्या चालीवरून दोन दिग्दर्शकांनी मला दारातून परत पाठवलंय. तुम्ही ती झाकली का नाहीत? तुमच्या हातात होतं.”

“झाकू कशाला? चोरीची आहे का?”

दादा इतका हसला की पत्रा वाजला, आणि काचवाल्यांनी सवयीनं तो आवाजही टिपून ठेवला.

दुसरा भाग पाच वर्षांनी आला. त्या वेळी मावशींनी पडद्यावरचे पाय पाहिले आणि चित्र थांबवायला सांगितलं नाही. उजवा पाय घासत होताच, आता डावाही घासत होता. लांब कोटामुळे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दादाचं दुखणं तेव्हा फक्त घरच्या माणसांना ठाऊक होतं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत मावशींना. त्या कुणाला बोलल्या नाहीत. पडद्यावर दिसेल तसंच चालायचं हा आपला नियम मोडून त्यांनी त्याला त्याची जुनी चाल दिली, पहिल्या भागातली, तितकीच ठाम. आठवड्याभरानं फोन आला. “मावशी, चित्रपट पाहिला. पडद्यावर मी फारच बरा चालतोय.” मग तो म्हणाला, “उपकार,” आणि मावशी म्हणाल्या, “उपकार कसले, तुझंच तुला.”

त्यानंतर सात महिन्यांत दादा गेला.

तिसरा भाग निघणार की नाही यावर दोन वर्षं वाद चालला. चेहरा यंत्रानं करून घालू, कुणी त्याच्या तोंडवळ्याचा माणूस आणू, असं बरंच काही निघालं. शेवटी दिग्दर्शकानं ठरवलं की दादाची जागा भरायची नाही. गोष्टीतच वणवा गेलेला असेल, आणि पहिल्या भागात त्यानं जळत्या शाळेतून जिला बाहेर काढलं होतं ती मुलगी, आता मोठी झालेली, तो सूट चढवील. त्या कामाला एक नवखी मुलगी घेतली. चोवीस वर्षांची, नाटकात दोन-चार कामं केलेली. आठ महिने शूटिंग चाललं आणि आठ महिने लोक तिला सांगत राहिले: दादा असं करायचे, दादा इथं थांबायचे, दादा डबा सगळ्यांबरोबर खायचे. ती सगळ्याला “हो” म्हणायची.

चित्रपट मावशींकडे आला तेव्हा हातात तीन आठवडे होते. शेवटचा प्रसंग सोमवारी लागला. जळून काळ्या पडलेल्या ग्रंथालयाच्या एकतीस दगडी पायऱ्या. वर ती मुलगी, प्रथमच सूट घालून. खाली सगळं शहर गोळा झालेलं, वणवा गेला म्हणून धास्तावलेलं. ती उतरते. संगीत नाही, संवाद नाही. एकतीस पायऱ्या फक्त पावलांचा आवाज. दिग्दर्शकानं कागदावर लिहून पाठवलं होतं, ‘इथं सगळं मावशींवर.’

सूट वणव्याचाच, म्हणून मावशींनी नऊ नंबरचे बूट चढवले, तीन मोजे, कापसाचा बोळा, आणि दगडाच्या कप्प्यात जागच्या जागी त्या पायऱ्या उतरल्या. प्रसंग संपला. नेहमी काचेपलीकडून लगेच “झालं” किंवा “पुन्हा” येत असे. आज काहीच आलं नाही. मावशींनी वर पाहिलं. काचवाले काका चष्मा काढून डोळे पुसत होते.

“काय हो? बिघडलं का?”

“मावशी,” काका माइकमधून म्हणाले, “दादाला उतरवलंत तुम्ही.”

त्यांनी टिपलेलं परत लावलं. टक... स्स-टक. टक... स्स-टक. एकतीस पायऱ्या दादा उतरला होता.

हे त्यांनी मुद्दाम केलंच नव्हतं. त्या प्रसंगात पाय दिसतात ते पहिल्या चार आणि शेवटच्या सहा पायऱ्यांवर. मधे ती कमरेपासून वरच दिसते. पण पहिल्या पायरीपासूनच मावशींचे डोळे तिच्या चेहऱ्यावर गेले, पायांवरचं लक्ष सुटलं आणि पाय आपल्या आठवणीनं चालत गेले. वेग जुळून आला म्हणून कुणाला शंका आली नाही. सदतीस वर्षांत पडद्यावरच्या पायांवरून त्यांची नजर कधी हलली नव्हती. आता हलली, तीही अशा ठिकाणी.

पण हे त्या बोलायच्या आत काकांनी फोन फिरवला होता, आणि दिग्दर्शक दोन-दोन पायऱ्या चढत वर आला होता. मावशी त्याला तो सेटवर सतरंज्या अंथरायचा तेव्हापासून ओळखत. ऐकून तो भिंतीच्या गादीला टेकून उभा राहिला. “मावशी, हे कसं सुचलं तुम्हाला? दोन वर्षं मी डोकं फोडतोय की दादाला ह्या चित्रपटात कुठं आणू. तुम्ही आणलंत.” त्यानं वाकून त्यांच्या पायांना, म्हणजे त्या नऊ नंबरच्या बुटांना, हात लावला.

आणि मावशी गप्प बसल्या. तेवढी एक गोष्ट त्यांना पुढं कायम खुपली. कौतुक गोड लागलं होतं.

मंगळवारी ती मुलगी खालच्या मजल्यावर आपले संवाद भरायला आली होती. दिग्दर्शक तिला वर घेऊन आला. दिवे घालवले, प्रसंग लावला. मावशी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्या पायरीला तिनं मान किंचित वाकडी केली, अनोळखी माणसानं आपल्या नावाला ओ दिल्यावर करावी तशी. मग ती नीट बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही.

“कसं वाटलं?” दिग्दर्शकानं विचारलं.

“खूप छान आहे,” ती म्हणाली. “दादाच वाटतात.”

ती निघून गेली. दार तिनं ओढून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही. बाहेरचा बोळ लांब आणि सिमेंटचा. मावशी बुटांच्या नाड्या सोडत बसल्या होत्या. कान मात्र कामावरच होते. मुलीची पावलं दूर गेली. भराभर पडणारी, हलकी, चवड्यावरची. मग थांबली. मग पुन्हा सुरू झाली, पण वेगळी.

टक... टक. थांबली. टक... स्स. पुन्हा थांबली. टक... स्स-टक.

मावशी मोज्यांवरच बाहेर आल्या.

“काय करतेस गं?”

मुलगी दचकली. “काही नाही मावशी. पुढच्या आठवड्यात मोठा कार्यक्रम आहे ना, सूट घालून स्टेजवरच्या पायऱ्या उतरायच्यात लोकांसमोर. चित्रपटात चालले तसंच चालायला हवं. नाहीतर पोरं म्हणतील, ही ती नव्हेच.”

“चित्रपटात तू अशी चाललेली नाहीस.”

“आता चालले आहे ना,” ती म्हणाली. त्यात तक्रार नव्हती, आणि मावशींना तेच सहन झालं नाही. चांगल्या धडधाकट घोट्यांची पोर, भिंतीला हात टेकून लंगडायला शिकत होती.

“ऐक. ती माझी चूक आहे. मी तुझ्या पायांकडे बघत नव्हते.”

मुलीनं त्यांच्याकडे पाहिलं. “पण सगळ्यांना आवडलंय, मावशी.”

“मलाही आवडलं होतं. म्हणून तर पंचाईत आहे.”

दुपारी त्या दिग्दर्शकाच्या खोलीत गेल्या आणि सरळ सांगितलं. तो आधी हसला, त्याला विनय वाटला. मग त्याला खरं वाटलं, आणि तो रागावला.

“चूक असेल, पण किती सुंदर चूक! मावशी, लोक दादाला शोधायला येणार आहेत. त्यांना तेवढ्या एकतीस पायऱ्या मिळू देत की. मी उद्या जाहिरात छापायला देणार होतो, ‘दादाची पावलं अजून चालतायत’.”

“दादाची पावलं पहिल्या भागात आहेत, दुसऱ्यात आहेत. तिथं कुणी हात लावलेला नाही. ज्याला भेटायचंय त्यानं तिथं जाऊन भेटावं.”

“तुम्हाला त्याचं काहीच वाटत नाही?”

हे मावशींना फार लागलं. त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. “अरे, त्याला लंगडतो म्हणून लोकांनी दारातून परत पाठवला होता. तरी त्यानं चाल बदलली नाही. आपल्याच चालीनं चालून एवढा मोठा झाला. आणि त्याच्या नावानं तू ह्या पोरीला दुसऱ्याची चाल लावणार? तो असता तर तुझा कान धरला असता.”

दिग्दर्शकानं टेबलावरचा वेळापत्रकाचा कागद पुढं ओढला. “शुक्रवारी सकाळी आवाजाचं सगळं काम बंद होतंय. नवीन केलंत आणि ते फिकं पडलं तर?”

“तर तू जुनं ठेव. मी एक शब्द बोलणार नाही. पण दोन्ही ऐकून ठरव.”

“ठीक आहे. गुरुवारी दुपारी.”

घरी जाऊन त्यांनी यजमानांना सगळं ओठांनी सांगितलं. त्यांनी भाजी निवडता निवडता लक्षपूर्वक पाहिलं. “मी बस दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचो ना,” ते गरजले, “तेव्हा आधी सीट सैल करून द्यायचो! माझ्या ढुंगणाच्या मापानं तो का बसेल?”

“हळू बोला, शेजारी ऐकतायत.”

“ऐकू दे की! शहाणपणाचं आहे!”

पण मावशींची खरी धास्ती वेगळीच होती, ती त्यांनी ओठांवरही आणली नाही. दादाची चाल संथ होती. ह्या मुलीची चाल चवड्यावरची, चपळ. टाच टेकायची जेमतेम. मावशींचं वय चौसष्ट, आणि डावा गुडघा गेल्या वर्षीपासून वर-खाली करताना कुरकुरत होता. चूक कबूल करणं एक. ती दुरुस्त करता येणं दुसरं.

बुधवारी त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. तिला सूटबरोबरचे बूट घालून कप्प्या-कप्प्यांवरून चालवलं. मावशी भिंतीशी स्टूल टाकून बसल्या, हनुवटी गुडघ्यापर्यंत वाकवून.

“आता जिना आहे असं समज. भीती वाटतेय तुला?”

“चित्रपटात? हो. तिला वाटतं सगळे परत जातील.”

“तुला?”

मुलगी थांबली. “मलाही तेच.”

“हं. चल.”

तेव्हा मावशींना ते सापडलं. पाऊल टाकायच्या आधी ती क्षणभर चवड्यावर उंच होई, आणि बुटाचं चामडं बारीकसं करकरे. मग पाऊल झटकन पडे, स्वच्छ, एकेरी. कर्र-टप. कर्र-टप. भित्र्या माणसाचं पाऊल असं पडत नाही. भीती वाटत असूनही निघालेल्या माणसाचं पडतं. मावशींनी तिला अकरा वेळा चालायला लावलं. अकराव्या वेळी ती म्हणाली, “मावशी, इतकं माझ्याकडे आजवर कुणी बघितलं नाही.”

“आणि बघतेय ते पायांकडे. नशीब एकेकाचं.”

नऊ नंबरचे बूट त्यांनी पुसून फळीवर ठेवले. सहा नंबरचे नवे घेतले, तळाला तेच रबर, पण पातळ कापून. वरच्या चामड्याला मेण लावून ते करकरतं केलं. आत फक्त एक मोजा. डाव्या गुडघ्याला कापडी पट्टा.

गुरुवारी दुपारी सगळे जमले. दिग्दर्शक काचेपलीकडे काकांच्या शेजारी, मुलगी त्याच्या मागे उभी. पहिल्या खेपेला मावशी विसाव्या पायरीपर्यंत आल्या आणि गुडघा लचकला. पाऊल दुहेरी पडलं. दुसऱ्या खेपेला सगळं नीट झालं, पण मावशींनीच मान हलवली. “चोविसावी उशिरा पडली.”

“मला नाही कळलं,” काका म्हणाले.

“तुम्हाला कळायचं असतं तर मी काचेपलीकडे बसले असते.”

तिसऱ्या खेपेआधी त्या पाणी प्यायल्या, त्यांनी पट्टा आवळला, आणि काकांना चित्राचा वरचा भाग झाकायला सांगितला. चेहरा नको. जिथं पाय दिसतात तिथं पाय, आणि मधे फक्त सूटचा हलणारा कंबरपट्टा. त्यावरून पाऊल ओळखता येतं. चित्र सुरू झालं. चौसष्ट वर्षांच्या मावशी चवड्यावर उंच झाल्या आणि उतरू लागल्या. कर्र-टप. कर्र-टप. दहा झाल्या, वीस झाल्या. पंचविसाव्या पायरीला गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. पाऊल वेळेवर पडलं. एकतिसाव्या पायरीनंतर पडद्यावरची मुलगी सपाट जमिनीवर थांबली, आणि मावशी थांबल्या.

काकांनी काही न विचारता दोन्ही आवाज पाठोपाठ लावले. आधी सोमवारचा. मग आत्ताचा.

सोमवारचा ऐकताना सगळ्यांना दादा आठवला. आत्ताचा ऐकताना कुणाला काहीच आठवलं नाही. एक मुलगी पायऱ्या उतरत होती, तिला भीती वाटत होती, आणि ती थांबत नव्हती. खाली उभ्या असलेल्या गर्दीतला पहिला माणूस टोपी काढतो तिथं आजवर चाळीस वेळा तो प्रसंग पाहिलेल्या काकांनीही श्वास धरून ठेवला.

दिग्दर्शकानं काचेवर बोटं वाजवली. मग माइक ओढून म्हणाला, “आधीच्यात मी त्याच्यासाठी रडत होतो. ह्यात मला हिची काळजी वाटली.” थोडं थांबून म्हणाला, “हे ठेवा. सोमवारचं मला घरी द्या. माझ्यासाठी.”

“घे,” मावशी स्टुलावर बसत म्हणाल्या. “पण छापू नकोस.”

मुलगी काचेला वळसा घालून आत आली. ती काय बोलणार होती कोण जाणे. आधी तिनं खाली बसून मावशींच्या गुडघ्याचा पट्टा सोडवला.

चित्रपट लागला त्या दिवशी मावशी यजमानांना घेऊन दुपारच्या खेळाला गेल्या, तिकीट काढून, मधल्या रांगेत. दादाचा फोटो सुरुवातीला आला तेव्हा थिएटर उठून उभं राहिलं. शेवटच्या प्रसंगाला खोकणारे खोकायचे थांबले. एकतीस पायऱ्या. मावशींनी एकही मोजली नाही, आणि तरी एकही चुकली नाही. शेवटच्या पायरीला पोरांनी जी आरोळी ठोकली ती यजमानांना खुर्चीच्या हातातून कळली.

बाहेर पडताना जिन्यावर गर्दी होती. पुढं दोन तरुण बायका चालल्या होत्या, बहुधा बहिणी.

“मी तर ठरवून आले होते, ही आवडून घ्यायचीच नाही,” एक म्हणाली. “पण ती उतरायला लागली ना...”

“चाल बघितलीस का तिची? काय ती चाल!”

यजमानांनी त्यांचे ओठ बाजूनं वाचले होते. त्यांना राहवेना. “ती चाल,” ते गरजले, सबंध जिना वळून बघू लागला, “माझ्या बायकोची आहे! ही बघा! हिची!”

बहिणींनी आधी म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग मावशींच्या सपाट चपलांकडे, मग त्यांच्या डाव्या गुडघ्याकडे, कारण त्या कठडा धरून एकेक पायरी जपून उतरत होत्या. एक हसू दाबत म्हणाली, “आजी, खरं का?”

मावशींनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला. अंगावर मूठभर मांस चढलं होतं, पण शब्द त्यांनी तोलूनच काढले.

“ह्यांचं मनावर घेऊ नका. ती चाल तिचीच आहे. मी नीट बघितलीय.”